सांपेरचं आठवं पत्र

१

बारामतीचा बाजार गुरुवारचा. दर गुरुवारी दहाच्या सुमाराला डाळजची तानूबाई वांग्यांची पाटी डोक्यावरून उतरवून सिंधुबाईंच्या ओट्यावर टेकायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि जाताना चार वांगी ठेवून जायची. सिंधुबाई पैसे देऊ लागल्या की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या बाई, किडकीच हायती." ती कधी किडकी नसत. नऊ वर्षांत या क्रमात खंड पडला नव्हता.

एकोणीसशे छत्तीसच्या चैत्रात, अमावस्या पाच दिवसांवर आली असताना, तानूबाई आली ती पाटीशिवाय. ओट्यावर न बसता खांबाला टेकून उभी राहिली.

"बाई, माझा डबा चोरीला गेला," ती म्हणाली.

"कसला डबा?"

"पत्र्याचा. सात पत्रं हुती त्यात. देवळीत देवाच्या मागं ठिवलेला. आन् गेल्या आठवड्यात आठवं पत्र आलंय, आमचं त्ये वारले म्हनून."

सिंधुबाई मुलींच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. हातातलं निवडायचं सूप त्यांनी खाली ठेवलं. तानूबाईचा नवरा परमुलखात आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. कुठल्या मुलखात, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"तुला काय हवंय माझ्याकडून? डबा?"

"अमुशेला बांगड्या फोडायच्या म्हंत्यात पंच. मी म्हनलं, आधी माझी सात पत्रं माझ्याम्होरं वाचा, मग खुशाल फोडा. तर डबाच न्हाय." तिने दोन्ही हात पुढे केले. मनगटात लग्नातला चांदीचा गोट होता, दोन जुन्या बांगड्या होत्या आणि त्यांच्यामध्ये अगदी मापात बसलेल्या हिरव्यागार नव्या सहा. "त्ये मेले आसतील तर मीच फोडीन, दगडावं आपटून. पर कुनी मारले आसतील तर न्हाय फोडायची."

"मारले म्हणजे?"

"कागदावं, बाई."

सिंधुबाईंच्या स्वतःच्या बांगड्या सतराव्या वर्षी फुटल्या होत्या. त्यावर त्या कुणाशी बोलत नसत. त्यांनी सूप उचलून आत ठेवलं आणि दार पूर्ण उघडलं.

२

"पत्रं गेली तर गेली," सिंधुबाई म्हणाल्या. "त्यात काय होतं ते आठवतं का?"

"सगळं आठवतं. पर असं बसून न्हाय सांगता यायचं." तानूबाईने माजघरात नजर फिरवली. "जातं हाय का तुमच्याकडं?"

जातं होतं. सिंधुबाईंनी दोन शेर जोंधळे काढून दिले. तानूबाईने पाय पसरला, खुंटा धरला, आणि दळण सुरू झालं तशी सातही पत्रं एकामागून एक बाहेर येऊ लागली. तानूबाईला अक्षर येत नव्हतं. पत्र आलं की डाळजच्या शाळेच्या ओसरीवर मास्तर ते मोठ्याने वाचायचे. तिथून घरी येईपर्यंत तिच्या मनात त्याच्या ओव्या झालेल्या असत.

"सांपेर बंदराला धुकं उठतं भुईतून
नावा आल्या का बघाया घंटा वाजते राउळातून."

गोष्ट अशी होती. तानूबाईचा नवरा बिरू, डाळजच्या धनगराचा थोरला मुलगा. एकोणीसशे सतरा साली मजुरांच्या पलटणीतून फ्रान्सला गेला तेव्हा ही चौदा वर्षांची होती. लढाई संपली, बाकीचे परतले. बिरू एका फ्रेंच गलबतावर चुलीपाशी कामाला लागला आणि ते गलबत त्याला पार अमेरिकेच्या अंगाला घेऊन गेलं. तिथे थंड समुद्रात फ्रेंचांचं एक चिमुकलं बेट आहे. त्याच्या बंदराच्या गावाला ते लोक सँ प्येर म्हणतात. मास्तरांच्या तोंडून डाळजकरांपर्यंत येईतो त्याचं सांपेर झालं. बिरू तिथे आजारी पडला, दवाखान्यात राहिला, गलबत निघून गेलं. पलटणीत एका हवालदाराने शिकवलेल्या मोडक्या अक्षरात तो तिथून लिहू लागला. अकरा वर्षांत सात पत्रं. शेवटचं दोन वर्षांपूर्वी.

"सांपेर बंदराला मासा वाळतो दगडावरी
थेंब पडता आभाळाचा पालथा करिती नारी."

"तिथंबी वाळवण घालत्यात," तानूबाई दळता दळता म्हणाली. "बायका आन् पोरं. आपली कुरडई तशी त्यांचा मासा. मीठ लावून गोट्यांच्या खळ्यावं पसरायचा. पाऊस आला की पालथा, ऊन लई झालं तरी पालथा. झाडं गुडघ्याएवढी, मेंढरानं खाल्ल्यावानी. सावली ठावंच न्हाय त्यांस्नी."

"सांपेर बंदराला धनी ऱ्हातो दारूच्या घरी
फळीफळीवर अक्षर, त्येला सोबत तेवढी खरी."

सिंधुबाईंनी हात वर केला. "थांब. तो गुत्त्यात राहतो?"

तानूबाईने जातं थांबवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसली. "तुमीबी? गुत्ता न्हवं बाई. तिकडं शेजारच्या मुलखात दारूबंदी झाली, तवा सगळी दारू ह्या बंदरात येऊन पडायची आन् हितनं चोरून जायची. खोकीच्या खोकी. दारू पोत्यात बांधून न्यायची, खोकी हितंच टाकायची. गावानं त्या खोक्याच्या फळ्या काढून घरं बांधली. आमच्या त्यांचंबी तसंच हाय. भिताडावं सगळी दारूची नावं छापलेली. थेंबाला शिवत न्हाईत त्ये. बिरोबाची आन हाय."

आणि पुन्हा जातं फिरू लागलं.

"सांपेर गावाला तीनदा लावली गं आग
माणसं आली फिरून, धरून समिंदराचा माग."

इंग्रजांनी ते गाव पुन्हापुन्हा घेतलं, जाळलं, माणसं गलबतात घालून दूर नेऊन टाकली. आणि दर खेपेला ती परत येऊन त्याच खडकावर बसली, असं तिसऱ्या पत्रात होतं. शाळेच्या नकाशात सिंधुबाईंनी ते बेट वर्षानुवर्षं पाहिलं असणार, पण माशी बसल्याचा डाग म्हणून.

दोन शेर पीठ परातीत पडलं होतं. सिंधुबाई म्हणाल्या, "उद्याच्या मोटारीनं मी येते."

३

त्या वेळी बारामतीहून भिगवणला सर्व्हिस मोटार जायची. टपावर कोंबड्यांच्या डाली आणि आत पायाशी गुळाच्या ढेपी. उतरून डाळजपर्यंत बैलगाडी. सिंधुबाई शाळेच्या ओसरीवर पोचल्या तेव्हा उन्हं चढली होती आणि मोहनराव मास्तर मुलांकडून पंधराचा पाढा म्हणवून घेत होते. गावची टपालकचेरी म्हणजे या ओसरीचा कोपरा. टेबल, तराजू, शिक्का आणि बाहेर रस्त्याकडच्या भिंतीवर तांबडी पेटी. तो कारभारही मास्तरांकडेच.

मुलांना सोडून त्यांनी पेटाऱ्यातून पत्र काढलं. पंचांनी ते त्यांच्याचकडे ठेवलं होतं.

पाकीट परदेशी होतं, शंका नको. तिकिटावर दीपस्तंभ आणि मासा. भिगवणच्या शिक्क्यावर मात्र तेलाचा डाग पडून तारीख पुसली होती. एका कडेला पाकीट आधी फाडून पुन्हा खळीने चिकटवलेलं दिसत होतं. आतला कागद साधा, आखीव. अक्षर स्वच्छ बाळबोध, डावीकडे दोन बोटं समास सोडलेला.

"घरातील थोर मंडळींस कळविण्यास दुःख वाटते की, आपले बिरू हे फाल्गुन महिन्यात सांपेर बंदरी वारले. ते दारूच्या घरी राहात होते. दारूनेच त्यांचा घात केला. मागे रडणारे कोणी नव्हते. त्यांच्या कुटुंबाने वाट पाहू नये. तिला दुसरे घर करण्यास मोकळीक द्यावी, अशी त्यांची शेवटची इच्छा होती. आपला, रत्नागिरीकडील एक खलाशी."

त्याखाली आडवी रेघ, रेघेच्या दोन्ही टोकांना टिंब. सिंधुबाईंनी पत्र दोनदा वाचलं. रेघ त्यांनी दोन्ही वेळा पाहिली, आणि दोन्ही वेळा ती त्यांना दिसली नाही.

"हे पत्र कुणी आणलं, मास्तर?"

"टपालानं आलं."

"पिशवीतून?"

मोहनराव टेबलावरचा शिक्का या हातातून त्या हातात घेत राहिले. "बाई, तुम्ही शाळेतल्या. मी शाळेतला."

"म्हणून तर विचारते."

"सांगतो. पण इंदापूरपर्यंत जाऊ देऊ नका." त्यांनी आवाज उतरवला. "पिशवीत नव्हतं. त्या तांबड्या पेटीत होतं. गावातून बाहेर जाणारी पत्रं काढायला पेटी उघडली, तर त्यात हे. मला वाटलं, वाटताना माझ्याच हातून चुकून आत पडलं असेल. पडून किती दिवस झाले, कोण जाणे. वर कळलं तर टपालाचं काम जाईल म्हणून गप्प बसलो आणि आलं तसं वाचून दाखवलं."

"म्हणजे हे सांपेरहून आलं नाही," सिंधुबाई म्हणाल्या. "या गावातल्याच कुणीतरी टाकलंय."

मास्तरांच्या हातातला शिक्का टेबलावर पडला.

४

तानूबाईचा धाकटा दीर गेणू अंगणात सुतळी वळत बसला होता. त्याने सिंधुबाईंना घोंगडं अंथरून दिलं आणि पुन्हा सुतळी हातात घेतली. वडिलांच्या वेळची मेंढरं कधीच विकली होती. आता दोन भावांच्या नावावर मिळून नऊ एकर जमीन होती आणि मोट चालेल एवढी विहीर.

"इंदापूरच्या कचेरीत तुम्ही अर्ज दिलाय म्हणे," सिंधुबाई म्हणाल्या.

"दिलाय. लपवून ठिवलंय व्हय? भाऊ मेला तर नाव कमी करायला नगं? वयनीला काय मी टाकून देतोय का? जलमभर भाकरी घालीन."

"पत्रं वाचताना तुम्ही असायचात?"

"साती बारीला. वयनी एकटी कशी जाईल वसरीवं?"

"तुम्हाला लिहिता येतं?"

"आंगठा येतो," गेणू म्हणाला आणि अंगठा दाखवला.

घर एकच होतं, मध्ये कुडाची भिंत. अलीकडे गेणू आणि त्याची बायको सारजा, पलीकडे तानूबाई. देवळी तानूबाईच्या बाजूला होती, पण दाराला कुलूप कधीच नसायचं. सारजाने डोक्यावरचा पदर पुढे ओढून गुळपाणी आणून ठेवलं. अठ्ठावीस-तिशीची, हाडापेराने रुंद बाई. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. पण तीस वर्षं शिकवलेल्या बाईला सगळेच चेहरे पाहिल्यासारखे वाटतात.

"हिचंबी म्हायेर बारामतीचंच," तानूबाई म्हणाली. "बाप शिपाई व्हता तिथं."

सारजाने खाली वाकून पायांना हात लावला आणि पेला उचलायला मागे सरली. तिच्या हातात दोनच जुन्या बांगड्या होत्या, टवके गेलेल्या. आत खुंटीवर मात्र हिरव्या सहा बांगड्या दोऱ्यात ओवून टांगल्या होत्या.

"तुझ्या थोरल्या दिरांच्या पत्रांत काय असायचं गं?" सिंधुबाईंनी तिला सहज विचारलं.

"मला काय ठावं? थोरल्या भावजींचं बोलनं. त्यांच्याम्होरं मी कशी बसू?"

"ते कुठे समोर होते? पत्र तर होतं."

"पत्र म्हंजे त्येच की," सारजा म्हणाली. "वाचाया लागलं की माणूस बोलतंय आसं वाटतं. मी कधी गेले न्हाय वसरीवं." आणि ती आत गेली.

संशय घ्यावा अशा तिसऱ्याला शोधावं लागलं नाही. निमगाव केतकीचा मानसिंग भिगवण स्टेशनात सांधेवाला होता. सिंधुबाई आल्याचं ऐकून तो दुपारी स्वतःच आला. बिरूबरोबर तोही त्याच पलटणीत गेला होता. परत आला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं थंडीने झडलेली होती. बायको प्लेगात गेली. त्याला थोडंफार लिहिता येत होतं.

"तुमचं मन आहे म्हणे तानूबाईवर," सिंधुबाई म्हणाल्या.

मानसिंगने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हाय. आमच्यात रांडाव बाईचा पाट लावत्यात, त्यात चोरी न्हाय. पर बिरू मेला आसंल तर. जिता आसंल तर न्हाय. पत्र आलं तवा पंचांस्नी तसंच बोललो."

"पत्र खरं वाटलं तुम्हाला?"

"न्हाय वाटलं," तो म्हणाला. "बिरू आन् दारू? तिकडं थंडीनं मरत हुतो तवा सायब रम द्यायचा, त्ये पन ह्यो वतून द्यायचा. पर मी ह्ये कसं बोलू? माझ्या फायद्याचं पत्र, आन् मीच खोटं म्हनू? खरं म्हनलं तर लोक म्हंतील टपलाय. खोटं म्हनलं तर म्हंतील नाटक करतोय."

"दारूच्या घराचं तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तर समजून सांगितलं ह्या सगळ्यांस्नी वसरीवं. चौथं पत्र. मास्तर अडकलं तिथं. मी म्हनलं, आवो खोक्याच्या फळ्या."

सिंधुबाईंनी गुळपाणी संपवलं. तिघे पुरुष, तिघांनाही कारण. मास्तरांना लिहिता येत होतं, गेणूला जमीन हवी होती, मानसिंगला तानूबाई. आणि तिघांपैकी एकानेही ते पत्र लिहिलेलं असणं शक्य नव्हतं. कुठून तरी जात्याची घरघर ऐकू येत होती. सिंधुबाई ती ऐकत बसल्या, आणि मग एकदम ताठ झाल्या.

"तानू," त्यांनी हाक मारली. "तुझं जातं कुठल्या भिंतीला आहे?"

५

अमावस्येला दुपारी पंच शाळेच्या ओसरीवर जमले. चार म्हातारे, पागोट्यांत घाम, आणि एका बाजूला बांगड्या फोडायला आणलेला वरवंटा. तानूबाई खांबाशी बसली होती. गेणू, मानसिंग आणि मास्तर पायऱ्यांवर. सिंधुबाईंना मास्तरांची खुर्ची दिली होती.

"हे पत्र खोटं आहे," त्या म्हणाल्या. शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात. "पाकीट खरं आहे, पण जुनं. सात पत्रांपैकी एकाचं. तारखेवर तेल लावलंय आणि फाडलेली कड खळीने चिकटवलीय. डबा का चोरीला गेला, तर डब्यात एक पाकीट कमी दिसलं असतं म्हणून. एक लपवण्यासाठी सातही न्यावी लागली."

"आलं कसं मग?" एका पंचाने विचारलं.

"गावातूनच पोचवलंय. कसं, ते मला कळलंय, त्यात टपालाची चूक नाही." मोहनरावांनी मान खाली घातली ती वर केली नाही. "आता लिहिणारा. पत्रात आहे की बिरू दारूच्या घरी राहायचा आणि दारूने मेला. 'दारूच्या घरी' हे शब्द खरेच त्याच्या पत्रातले. पण मास्तरांनी ते स्वतः वाचले, मानसिंगनं त्याचा अर्थ सांगितला, आणि गेणू त्या वेळी इथंच बसला होता. या तिघांना ठाऊक होतं की ते दारूच्या खोक्यांच्या फळ्यांचं घर. त्यांतला कुणी बिरूला गुत्त्यात मारणार नाही. शिवाय गेणूनं लिहवून घेतलं असतं तर जमिनीचा एक तरी शब्द आला असता. पत्रात जमीन नाहीच. पत्राला एवढंच हवंय की या बाईनं दुसरं घर करावं आणि इथून जावं."

म्हाताऱ्यांनी मानसिंगकडे पाहिलं.

"त्याच्याकडे बघू नका. त्याला खोकी ठाऊक होती." सिंधुबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "तानूनं मला ही पत्रं जात्यावर म्हणून दाखवली. 'धनी राहतो दारूच्या घरी.' आणि मी, शिकलेली बाई, विचारून बसले, गुत्त्यात राहतो का म्हणून. जो शब्द ओसरीवर ऐकला तर कळतो, तोच जात्यावर ऐकला तर चकवतो. दळणाच्या आवाजात दुसरी ओळ ऐकूही येत नाही. मी केली तीच चूक या पत्रात आहे. तेव्हा लिहिणारं माणूस ओसरीवर कधीच आलेलं नाही. त्यानं सांपेर जे ऐकलं, ते भिंतीपलीकडून."

गेणू उठून उभा राहिला. "भिताडापल्याड तर आमीच ऱ्हातो. माझ्या घरात कुनाला ल्हिता येतं?"

"ते मी सांगणार नाही," सिंधुबाई म्हणाल्या. "पण पत्राच्या खाली एक रेघ आहे, दोन्ही टोकांना टिंब असलेली. ती चार दिवस माझ्या डोळ्यांपुढं होती. काल रात्री बारामतीला माझ्या घरी दिव्यापुढं एक पत्र लिहायला बसले आणि माझ्याच हातानं तीच रेघ मारली. खाली कुणी एक अक्षर वाढवू नये म्हणून अशी रेघ मारायची, असं मी तीस वर्षं मुलींना शिकवलं. माझ्या वर्गाबाहेर ती कुणी मारत असेल असं वाटत नाही. चोर कोण, ते मला विचारू नका. त्याला पत्र लिहायला मीच शिकवलंय."

६

शाळेच्या कोपऱ्यावरून सारजा आली. डोक्यावर पदर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. हातात पत्र्याचा डबा. पायऱ्यांपाशी ती क्षणभर अडखळली, आयुष्यात पहिल्यांदाच त्या ओसरीवर चढत होती, आणि मग चढली. डबा तिने तानूबाईच्या पुढ्यात ठेवला. त्याला जोंधळे चिकटलेले होते.

"कणगीत हुता," ती म्हणाली.

"तुला ल्हिता येतं?" गेणूने विचारलं. त्याला चोरीपेक्षा तेच जास्त लागलेलं दिसत होतं.

"चार यत्ता झाल्यात. आबा शाळंत शिपाई हुता, मागं बसायची मी. लगीन ठरलं तवा आबा म्हनला, सासरी अक्षर दावू नगंस, अंगठाच लाव." ती सिंधुबाईंकडे वळली. "बाई, तुमी वळखलं न्हाय मला."

"नाही ओळखलं," सिंधुबाई म्हणाल्या. "रेघ ओळखली."

"का केलंस गं?" तानूबाईने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

सारजाने कनवटीतून दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि डब्यावर ठेवल्या. त्या तानूबाईच्या हातातल्यांसारख्याच होत्या. "संक्रांतीला ह्येंनी बारामतीच्या बाजारातनं दोघींस्नी आणल्या. बारा. माझ्या हाताला एक बसंना. बाराच्या बारा एकाच मापाच्या हुत्या." ती गेणूकडे बघत नव्हती. "कासारानं माप इचारलं आसंल, तवा ह्यांच्या ध्यानात कुनाचा हात आला, त्ये तुमीच बघा आक्का. तुमी सवाष्ण हितंच ऱ्हानार जलमभर. रांडाव झाला तर मानसिंगभाऊ तुमास्नी घिऊन जातील, भलं करतील. मी वाईट कुठं चिंतलं? तुमी जावं, येवढंच."

"पत्रं वाचली न्हाईस? डबा तर तुझ्याकडंच हुता."

"वरचं पाकीट त्येवढं काढलं. आतलं कसं वाचू? भावजींचं बोलनं." सारजाने पदराने तोंड पुसलं. "मेले म्हनून ल्हिलं, त्ये ल्हिलं. पर त्यांचं वाचलं न्हाय."

गेणूने सुतळीचा गुंडा बंडीच्या खिशातून काढला, पुन्हा आत घातला, आणि ओसरी उतरून विहिरीच्या वाटेने चालू लागला. त्याला कुणी हाक मारली नाही. इंदापूरचा अर्ज त्याने पुढे आठवड्याभरात मागे घेतला.

तानूबाईने हातातल्या नव्या हिरव्या बांगड्या एक एक करून उतरवल्या आणि सारजाच्या बांगड्यांवर ठेवल्या. हातात गोट राहिला आणि जुन्या दोन.

"ह्या काय फुटायच्या न्हाईत आता," ती पंचांना म्हणाली. "वरवंटा घिऊन जावा. ज्येचा आसंल त्येला वाटान करायचं आसंल."

"वयनी, बिरू जिता हाय आसंबी कुनी म्हनलं न्हाय," मानसिंग हळू म्हणाला. बोलल्यावर त्याचाच चेहरा उतरला. "दोन वर्सं झाली पत्राला."

"न्हाय म्हनलं. मी इचारलंबी न्हाय." तानूबाईने डबा मांडीवर घेतला. "पर तीनदा हाकलली तरी माघारी आली, त्या मानसांत त्ये ऱ्हायल्यात. येवढ्या वर्सांत त्यांच्याकडनं येवढं तरी शिकलं आसतील."

मानसिंगने टोपी घातली. तो स्टेशनात परत गेला आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं, डाळजवरून जाताना, टोपीला हात लावून जायचा.

७

पंच गेले. मास्तर उगाचच तांबडी पेटी उघडून पाहत राहिले. सिंधुबाईंना संध्याकाळची मोटार गाठायची होती, पण तानूबाईने त्यांना उठू दिलं नाही.

"अकरा वर्सं मी वसरीवं येऊन पत्रं वाचून घेतली," ती म्हणाली. "आन् वाचनारी भिताडापल्याड बसलीवती. सारजा, वाच."

"मी?"

"मग काय मास्तर जलमभर वाचतील? त्यांचा आवाज बसत चाललाय."

सारजाने पहिलं पत्र उघडलं. सुरुवातीला ती मान खाली घालून पुटपुटल्यासारखं वाचत होती, थोरल्या दिरासमोर बोलावं तसं. मग आवाज थोडा मोकळा झाला. धुकं आलं, घंटा आली, दगडांवरचे मासे आले. बिरूचं अक्षर वाकडं होतं आणि पत्र डाळजच्या बोलीतलं. चौथ्या पत्रात ती थांबली.

"'हितं समदी घरं दारूच्या...'" तिने ओळ बोटाने धरली. "'...दारूच्या खोक्याची. माझंबी तसंच. भिताडावं अक्षरं हायती, मला येत न्हाईत, पर बघत बसतो. तानूला सांगा, थेंब शिवलो न्हाय.'"

बराच वेळ ती त्या ओळीवरच राहिली. तानूबाईने तिला पुढे वाच म्हटलं नाही.

सातही झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "उत्तर कधी पाठवलंय का आपण?"

पाठवलं होतं, पण मास्तरांनी आपल्या भाषेत, दोन ओळींचं. सर्व खुशाल आहे, पैसे पाठवू नयेत, वाट पाहतो. तानूबाईला जे सांगायचं असे ते चारचौघांत ओसरीवर सांगता येत नसे. सिंधुबाईंनी आपल्या पिशवीतला कागद काढला, सारजापुढे ठेवला आणि खुर्ची जरा लांब सरकवून वेशीकडे बघत बसल्या. मास्तरही आत गेले.

तानूबाई सांगत होती आणि सारजा लिहीत होती. विहिरीला पाणी किती आहे, कुठलं झाड वठलं, म्हातारी सासू कधी गेली. सात पत्रं कशी हरवली आणि कशी सापडली. कुणी लपवली, ते तिने सांगितलं नाही. ते ऐकून सारजाची लेखणी क्षणभर अडली, मग पुढे सरकली. दोन पानं भरली. तानूबाई बोलायची थांबली.

सारजाने तळाशी थोडी जागा सोडली, लेखणी शाईत बुडवली आणि सवयीने डाव्या कडेला एक टिंब दिलं.

तानूबाईने तिचं मनगट धरलं.

"रेघ मारू नगंस," ती म्हणाली. "मला आजून सांगायचंय."